खोक्यातला वाढपी

संगणकाच्या खोक्यातली मंडळी आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. पतपेढीने मोडीत काढलेला एक संगणक शाल्मलीने स्वस्तात घरी आणला आणि गेम खेळता यावेत म्हणून त्यात नवंकोरं ग्राफिक्स कार्ड बसवलं. आतला जुना पॉवर सप्लाय म्हणजे त्या घरचा वाढपी. आजवर त्याने सगळ्यांना बेताने वीज वाढली होती, पण उपाशी कुणालाच ठेवलं नव्हतं.

कार्ड पहिल्याच घासाला म्हणालं, "एवढंसंच? अजून वाढ!"

"माझी ऐपत एवढीच आहे रे," सप्लाय पुटपुटला.

म्हातारा मदरबोर्ड त्याच्यावर खेकसला, "पाहुण्याला नाही म्हणतोस? घराची अब्रू घालवशील!"

मग सप्लाय वाढतच राहिला. अंगाची लाही झाली, तरी त्याने हात आखडता घेतला नाही. खंडेनवमीला शाल्मलीने कार्डाला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि गेम सुरू केला. तेवढ्यात सप्लाय जळाला.

"जुना माल, दुसरं काय!" म्हणत तिने त्याला भंगारात टाकलं आणि कार्ड मऊ फडक्याने पुसून ठेवलं.

मदरबोर्डने दबक्या आवाजात विचारलं, "पाहुणे, वाईट वाटत असेल ना?"

"तर काय!" कार्ड म्हणालं. "भरल्या ताटावरून उठावं लागलं."