झुंबरनं धरलेला हात

"श्रीरंगशेठ सोमवारी येतोय," सरपंचीणबाई गिरणीवाल्या हरिभाऊला सांगत होती. "शाळेला संगणकाची खोली बांधून दिलीय ना त्यानं, तिचं उद्घाटन. नवी नवी यंत्रंही आणणार आहे, अजून दुकानात न आलेली. आणि जाताना आपल्या गावातला एक पोरगा गाडीत घालून..."

एवढ्यात लाईट आली. हरिभाऊनं खटका दाबला, पट्टा फडफडला, गिरणी सुरू झाली. सरपंचीणबाईचे ओठ हलत राहिले, हरिभाऊची मान हलत राहिली. ज्वारीचं दळण घेऊन मागं उभ्या असलेल्या शेवंताकाकूला पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्यानं काकूचं काही अडत नसे. अर्धी बातमी मिळाली की उरलेली अर्धी ती घरची घालायची. दळण घेऊन घरी पोचेपर्यंत बातमी पुरी झाली होती. श्रीरंगशेठ गावातला एक पोरगा गाडीत घालून पुण्याला नेणार आणि आपल्या कंपनीत कामाला लावणार.

श्रीरंगशेठ म्हणजे कोंडिबा शिंप्याचा श्रीरंग. लहानपणी त्याचं नाक काकूनं आपल्या पदरानं पुसलं होतं. आता पुण्यात त्याची बारा मजल्यांची कंपनी होती. तो नक्की काय विकतो हे गावात कुणालाच सांगता येत नसे.

"दिसत नाही असं काहीतरी विकतो," हरिभाऊ म्हणायचा. "म्हणून तर एवढा पैसा. दिसणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक घासाघीस करतं."

तर त्या गावात, म्हणजे सातपिंपरीत, एक भोळा होता. झुंबर त्याचं नाव. काकूच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. वय बावीस. उंची अशी की दारातून वाकून यायचा, आणि ताकद अशी की त्यानं शिंगाला धरलेला बैल जागचा हलायचा नाही. आळशी नव्हता. खोटं बोलत नव्हता. त्याचं एकच होतं. सांगाल तेवढंच करायचा.

एकदा आई म्हणाली, "काकूकडं जा आणि वाटीभर विरजण माग." झुंबर आला. विरजण मागितलं. काकू वाटी घेऊन बाहेर येते तो हा परत घरी.

"मागितलंस का?" आईनं विचारलं.

"मागितलं."

"मग कुठंय?"

"ते आणायचं असं कुठं म्हणालीस?"

असल्या पोराला कामावर कोण ठेवणार? तिघांनी ठेवून पाहिलं होतं. तिघांनीही दुपारच्या आत घरी पाठवलं होतं. आई, चांगुणा, अजून बाजारात भाजी विकायची. तिचे गुडघे पार गेले होते. पाटी डोक्यावर घेऊन उठायचं म्हणजे आधी खांबाला धरायचं, मग देवाचं नाव घ्यायचं, मग उठायचं. काकूला भिंतीपलीकडून ते कण्हणं रोज ऐकू यायचं. काकूला भिंतीपलीकडचं सगळंच ऐकू यायचं, पण हे ऐकून मात्र तिचा घास खाली जात नसे.

म्हणून दळणाचा डबा ठेवला आणि ती तशीच चांगुणाकडं गेली.

"चांगुणा, तुझ्या झुंबरला सोमवारी पुढं कर. श्रीरंग एक पोरगा नेणार आहे. तो झुंबरच असला पाहिजे."

"अगं शेवंता, त्याला तिथं काही सांगितलं आणि त्यानं केलं म्हणजे?"

"मी आहे ना सांगायला," काकू म्हणाली. "झुंबर, सोमवारी दिवसभर मी सांगेन तसं वागायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

"बरं," झुंबर म्हणाला.

रविवारी काकूनं त्याला समोर बसवला. "पाहुणा दारात उतरला की पहिलं काय? पायावर पाणी. तांब्याभर पाणी घालायचं, मग 'या' म्हणायचं. कळलं?"

"बरं."

सोमवारी दहा वाजता शाळेच्या फाटकात काळी गाडी थांबली. श्रीरंगशेठ उतरला. अंगात साधा सदरा, पायात पांढरेशुभ्र बूट. हेडमास्तर हार घेऊन पुढं झाले. पण त्यांच्या आधी झुंबर पुढं झाला. त्यानं तांब्याभर पाणी बुटांवर घातलं. आधी उजव्यावर, मग डाव्यावर.

"या," झुंबर म्हणाला.

श्रीरंगशेठनं खाली पाहिलं. हेडमास्तरांनी खाली पाहिलं. बुटांतून चुळुक चुळुक आवाज करत श्रीरंगशेठ आत गेला.

काकूनं झुंबरला भिंतीआड ओढलं. "अरे, ते बूट होते! चकचकीत काही दिसलं की पाणी नाही घालायचं. कोरड्या फडक्यानं पुसायचं. चांगलं घासून. ठिपका राहता कामा नये."

"हे आधी सांगितलं नव्हतं."

"आता सांगतेय ना?"

"बरं."

संगणकाच्या खोलीपुढं सातवीच्या मुलींनी पहाटेपासून बसून रांगोळी काढली होती. मधोमध संगणक, संगणकात श्रीरंगशेठचा चेहरा, भोवतीनं चमकी. उन्हात ती चमकी अशी झळकत होती की डोळे दिपावेत. झुंबरनं खांद्यावरचं फडकं काढलं.

हेडमास्तर पाहुण्याला घेऊन तिथं आले तेव्हा फरशी लख्ख होती.

"ठिपका राहिला नाही," झुंबर म्हणाला. "एक कान राहिला होता, तो पण पुसला."

मुली रडायला लागल्या. हेडमास्तरांचा चेहरा पाहून काकूनं झुंबरला पुन्हा बाजूला घेतलं.

"अरे देवा, ती रांगोळी होती! जमिनीवर काही सुंदर दिसलं की त्याला हात नाही लावायचा. वळसा घालायचा, लांब उभं राहायचं आणि 'वा' म्हणायचं."

"हे आधी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं आता!"

"बरं."

मग शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम सुरू झाला. समोर सगळं गाव. तरणी पोरं वह्या घेऊन पुढं बसलेली, कारण श्रीरंगशेठ आयुष्यात मोठं कसं व्हायचं ते सांगणार होता. पेट्या उघडायला झुंबरला ओट्यावर उभं केलं होतं. तशी व्यवस्था काकूनंच लावली होती.

श्रीरंगशेठनं पहिल्या पेटीतून डब्याएवढं एक यंत्र काढलं. "याच्याशी आपण बोलायचं. दिवा लाव म्हटलं, की लावतं. पंखा बंद कर म्हटलं, की करतं. सांगाल तेवढंच करतं. कमी नाही, जास्त नाही. हे बनवायला माझ्या दोनशे इंजिनिअरांना चार वर्षं लागली."

"चांगुणाला नऊ महिने लागले," काकू शेजारच्या बाईला म्हणाली.

दुसऱ्या पेटीतून ताटाएवढं गोल, चपटं यंत्र निघालं. श्रीरंगशेठनं ते ओट्यावर ठेवलं. "हे आपलं आपण घर झाडतं. पुढच्या दिवाळीला दुकानात येईल. भिंत आली की आपोआप वळतं."

यंत्र गुरगुरत निघालं. ओटा झाडत झाडत निघालं. छान झाडत होतं. पण शाळेच्या ओट्याला तिन्ही बाजूंनी भिंतच नव्हती.

यंत्र कडेकडं चाललं. कडेलाच झुंबर उभा होता.

"अरे, बघ ते!" श्रीरंगशेठ ओरडला. "बघ त्याला, बघ!"

झुंबरनं पाहिलं. जमिनीवर काहीतरी सुंदर चाललं होतं. त्यानं वळसा घातला, लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वा!"

यंत्र तीन पायऱ्यांवरून आदळत खालच्या गटारात पडलं. थोडा वेळ गटारही झाडलं. मग बंद पडलं.

काकूला राहवलं नाही. ती तिथूनच ओरडली, "अरे मूर्खा, निसटताना दिसलं की दोन्ही हातांनी घट्ट धरायचं! कुणी काही म्हणो! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!"

गेलं आता पोराचं काम, काकूच्या मनात आलं. पण श्रीरंगशेठ मोठा माणूस होता. मोठ्या माणसाचं यंत्र गटारात पडलं तरी त्यातून तो बोध काढतो.

"मुलांनो, ऐकलंत?" तो म्हणाला. "माझ्या बारा मजल्यांचं सगळं गुपित काकूंनी सांगितलं. संधी निसटताना दिसली, की दोन्ही हातांनी धरा. कुणी काही म्हणो, सोडू नका. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. झुंबरकडं वही नव्हती. त्यानं डोक्यात ठेवलं.

टाळ्या ऐकून काकूच्या जिवात जीव आला. श्रीरंग रागावला नव्हता. आता त्याच्यासमोर चांगुणाला नुसती उभी केली तरी काम होणार होतं. त्या गुडघ्यांकडं बघून तो नाही म्हणणारच नव्हता. काकू पदर खोचून चांगुणाला आणायला धावली.

इकडं चहा झाला. श्रीरंगशेठ निघाला. फाटकापाशी त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. सरपंचांशी, हेडमास्तरांशी, सातवीतल्या मुलींशी. शेवटी झुंबर. श्रीरंगशेठनं त्याच्यापुढंही उजवा हात केला. मनात काही न ठेवता केला.

"येतो," तो म्हणाला आणि हात मागं घेऊ लागला.

हात निसटायला लागला. झुंबरनं ते पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सोड," श्रीरंगशेठ हसत म्हणाला.

"काकू सांगतील तेव्हा."

"काकू कुठंयत?"

"ते सांगितलं नाही त्यांनी."

श्रीरंगशेठचं हसू थोडं कमी झालं. ड्रायव्हरनं झुंबरची बोटं उकलून पाहिली. हेडमास्तरांनी कमरेला धरून ओढून पाहिलं. मग दोघांनी मिळून ओढलं. झुंबर आला, झुंबरबरोबर श्रीरंगशेठ आला, पण हात सुटला नाही. श्रीरंगशेठनं बोलत्या यंत्रालाही सांगून पाहिलं. यंत्रानं शाळेतला पंखा बंद केला.

चार वाजता पुण्यात परदेशी पाहुणे यायचे होते. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. शेवटी श्रीरंगशेठ गाडीत बसला. म्हणजे झुंबरही बसला. दार लागलं.

नेमकी तेव्हाच काकू चांगुणाला दंडाला धरून शाळेच्या कोपऱ्यावर आली. तिला एवढंच दिसलं, की श्रीरंगशेठनं झुंबरचा हात हातात धरलाय, त्याला आपल्या शेजारी बसवलंय आणि गाडी धुरळा उडवत चाललीय.

"नेला गं!" काकू ओरडली. "हाताला धरून नेला!"

चांगुणा तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"जेवला नव्हता गं तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकू डाळीचं दळण घेऊन गिरणीत गेली. लाईट नव्हती. सरपंचीणबाई डब्यावर बसून होती.

"तुम्ही म्हणालात तसंच झालं हो," काकू म्हणाली. "गावातला एक पोरगा गाडीत घालून नेलाच त्यानं."

"ते झालं," सरपंचीणबाई म्हणाली. "पण मी म्हणाले होते फाट्यापर्यंत. तिथं त्याची दुसरी गाडी येणार होती. पेट्या हलवायला एक पोरगा न्यायचा आणि तिथनंच त्याला माघारी पाठवायचा, असं ठरलेलं."

"फाट्यापर्यंतच?"

"फाट्यापर्यंतच."

"मग पोरगा माघारी का नाही आला?" काकूनं विचारलं.

तेवढ्यात काकूचा फोन वाजला.

"काकू, श्रीरंग बोलतोय." आवाज बसला होता. "कालपासून तुमचा नंबर शोधतोय. हेडमास्तरांनी आत्ता दिला."

"श्रीरंगा! झुंबर कसाय? जेवला का?"

"जेवला. मी भरवलं."

"तू?"

"त्याचे दोन्ही हात गुंतलेत, काकू. डाव्या हातानं भरवलं."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालतं रे. हात कुठला का असेना, माया पाहिजे."

"काकू, माझं ऐका आधी. पोरगा मला पसंत आहे. जी यंत्रं अजून बाहेर जाऊ द्यायची नाहीत, त्यांच्या खोलीवर मला असाच राखणदार पाहिजे. पगार चांगला देतो. आईला बाजारात बसायला नको. नोकरीचं पत्र समोर तयार आहे."

काकूनं हरिभाऊला खूण केली, सरपंचीणबाईला खूण केली.

"आता फक्त माझी सही राहिलीय," श्रीरंगशेठ म्हणाला. "ती राहिलीय, कारण माझा उजवा... थांबा, फोन त्याच्या कानाला लावतो. तुम्ही त्याला एकच शब्द सांगा. त्याला एवढंच सांगा, की..."

लाईट आली. हरिभाऊनं खटका दाबला. पट्टा फडफडला, गिरणी सुरू झाली.

काकूला पुढचं काही ऐकू आलं नाही. पण अर्ध्यावर काकूचं कधी अडलं नव्हतं. दारात आलेली नोकरी, आणि पोरगं भोळं. अशा वेळी त्याला काय सांगायचं, हे श्रीरंगानं शिकवायला हवं होतं की काय? तिनं एका कानावर हात ठेवला, फोन तोंडाशी धरला आणि गिरणीच्या वर आवाज चढवून ओरडली,

"झुंबर! घट्ट धर रे बाबा! कुणी काही म्हणो, सोडू नको!"

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. आनंदानं असेल, काकूला वाटलं. आणि त्यामागून, गिरणीच्या एवढ्या घरघरीतूनही, एक शब्द तिला अगदी नीट ऐकू आला.

"बरं."