उसना मुकादम

केळी नुसती पिकायची, विकायला कुणी नेत नसे, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी प्रत्येक अंड्यात नि प्रत्येक गर्भात एक मुकादम असायचा. त्याने "इथे डोळा करा रे!" अशी हाक दिली की गवंडी कामाला लागायचे.

एका माशीच्या अंड्यातला मुकादमच हरवला. लेकरू आंधळं जन्मणार म्हणून ती रडकुंडीला आली.

शेजारची उंदरीण म्हणाली, "माझी पिल्लं झाली, माझा मुकादम रिकामाच बसलाय. ने."

"तुझा? नको गं बाई! तुझे ते मिचमिचे काळे मणी माझ्या लेकराला?"

"मग राहू दे आंधळं," उंदरीण फणकारली.

माशीने कुरकुरतच मुकादम नेला. त्याने अंड्यात शिरून हाक दिली आणि माशी धास्तावून बसली.

लेकराला पंख फुटले, तेव्हा डोळे निघाले लालचुटूक, जाळीदार, थेट आजीसारखे!

"मुकादमा, असले डोळे तुला कुणी शिकवले?"

"मला कुठं काय येतं? मी फक्त जागा दाखवतो. घडवले तुमच्याच गवंड्यांनी."

"पण त्यांना उंदरांची हाक कळली कशी?"

"उंदरांची कसली? उंदीर नव्हते, माश्याही नव्हत्या, तेव्हा दोघांची पणजी एकच होती; तिच्यापासून हीच हाक आहे, बाई."

तेवढ्यात लेकराने उंदरिणीकडे बघून विचारलं, "आई, ही कोण गं?"

कालपर्यंत माशी तिला केळीचोर म्हणायची. आज म्हणाली, "मावशी आहे तुझी. पुढचे पाय जोड बघू."

तेव्हापासून माशी कुठेही बसली की आधी पुढचे पाय जोडते. कोण नात्यातलं निघेल, सांगता येत नाही.