फक्त कळवा

"पण मला सगळं कळत होतं, बुवा. मग यात माझी चूक काय?"

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. धोंडीबुवा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मठाच्या फाटकाशी सोजरबाई सकाळपासून बसून होती, मांडीवर नव्या सदऱ्याची घडी घेऊन.

मांजरा नदीकाठचा हा मठ. रस्त्यावर भरकटलेली, घर विसरलेली माणसं इथं आणून सांभाळतात आणि पत्ता लागला की घरच्यांना ईमेल करतात. 'तुमचा माणूस सापडला' असं मठानं कळवलं की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. नेमकं तेच हेरून कुणा हरामखोरांनी मठाच्या नावानं खोट्या ईमेल धाडायला सुरुवात केली होती. माणूस सापडलाय, गाडीभाडं पाठवा.

सोजरबाईला तशीच एक आली; शेजाऱ्यानं वाचून दाखवली. तिचा हरवलेला मुलगा, हणमंत, सापडला म्हणे. हणमंत या मठात कधी आलाच नव्हता.

"कळत होतं म्हणजे कसं?" बुवांनी विचारलं.

श्रीरंग पुण्यातल्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून शिष्य झालेला. मठाचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, त्याच्याच ताब्यात होतं. नोकरी सुटली होती, ऐट काही सुटली नव्हती.

"ईमेल पोचवणाऱ्या कंपन्या रोज अहवाल धाडतात, बुवा. आपल्या नावानं कुठून किती पत्रं आली, त्यातली खरी किती, खोटी किती. मी एकही अहवाल चुकवला नाही. तक्ते केले, आलेख काढले."

"आणि खोट्या पत्राचं त्या काय करतात?"

"आपण आपल्या नावापाशी जो नियम लिहून ठेवू, तसं."

"तू काय लिहिलंयस?"

"काही करू नका. फक्त कळवा."

बुवांनी पुढची पाकळी उचलली.

"नाकारा, असंही लिहिता येत होतं," श्रीरंग घाईघाईनं म्हणाला. "पण आपलंच एखादं खरं पत्र अडलं असतं तर? म्हटलं, आधी आपली सगळी पत्रं बिनचूक ओळखली जाऊ देत. मग..."

"मग?"

"मग वर्ष गेलं."

सोजरबाईसाठी काढलेलं दूध ओट्याच्या कडेला निवत होतं. एक कुत्रं पायऱ्या चढून आलं.

"बुवा, कुत्रं..."

"दिसलं."

"त्यानं दुधात तोंड घातलंय."

"हं. रंग कोणता?"

"तांबडा."

"नीट टिपून ठेव."

श्रीरंग धडपडत उठला, तोवर पातेलं चाटूनपुसून झालं होतं. कुत्रं आपल्या वाटेनं निघून गेलं. पातेलं हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग तो आत गेला आणि त्यानं नियम बदलला. बैल गेला नि झोपा केला.

"नाकारा असं लिहिलं, बुवा," तो बाहेर येऊन म्हणाला. "यापुढं असली पत्रं सहसा कुणापर्यंत पोचणार नाहीत."

"बरं केलंस. तिचं काय?"

"तिला सांगितलं मी, पत्र खोटं आहे म्हणून. ऐकतच नाही."

"काय म्हणते?"

"म्हणते, 'तुमच्याच मठाच्या नावाचं हाय न्हवं? मग मठ कशाला खोटं बोलंल? माझं लेकरू आत हाय. मी त्याला न्यायलाच आले.'"

बुवांनी लसणाची सालं गोळा केली.

"डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या. कुणाचंही पाऊल वाजलं की हणमंता म्हणून हाक मारते..." श्रीरंगनं फाटकाकडे पाठ केली. "मला नाही बघवत, बुवा. मी काय करू?"

"जा. तिच्यापाशी बस."

"आणि तिनं मलाच हणमंता म्हटलं तर?"

बुवा फाटकाकडे बघत राहिले.

"मी हणमंत नाही, बुवा. तेही खोटंच होईल..."

"ओ दे."