फळ्यावरची पुरणपोळी

आमच्या हायस्कुलात नववीला शिवणकामाचा विषय आला, मशिनीही आल्या. संस्थेचे अध्यक्ष गुलाबतात्या यांनी त्या लगेच कुलुपात घातल्या. खंडेनवमीला मशिनींना हार मिळाला आणि पोरींना दर्शन. आता प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि माझी लेक सुगंधा अजून फळ्यावरचं चित्र बघून शिवण शिकतेय.

मी किल्ली मागितली, तर तात्या म्हणाले, "चित्र बघून येतं गं सगळं. वापरली की मशीन झिजते."

शाळेचा स्वयंपाक माझ्याकडे. शनिवारी तात्या पाहुण्यांना घेऊन वर्गातच पुरणपोळी खायला बसले. मी फळ्यावर खडूनं पोळी काढली, वर तुपाची धारही सोडली.

"हे काय, कलावती?"

"जेवा तात्या, चित्र बघून. वापरला की तवा झिजतो."

पाहुणे गालात हसले. तात्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. मगच मी तवा तापत ठेवला.