काळ्या पायरीने गिळली सावली

एक होतं कार्ड. काळं काळं कार्ड.

काळं का बरं? अहो, संक्रांत आली ना! संक्रांतीला साडी काळी, झबलं काळं. मग कार्डही काळं.

ते केलं होतं इरूने. काकू होती मदतीला. इथे दुमड, तिथे काप, परत दुमड. मिटलं की चपटं. उघडलं की जिना! पायरीवर पायरी, पायरीवर पायरी.

एका पायरीवर कागदाचा ऊस. त्याच्या वर कागदाचं सुगड, म्हणजे बोरांनी भरलेलं इवलं मडकं. त्याच्या वर कागदाचा पतंग, दोऱ्याने बांधलेला. आणि सगळ्यात खाली एक पांढरी कागदी खारू. तुमच्या करंगळीएवढी.

"इरू, चल गं! दिवे लावायची वेळ झाली," काकूने हाक मारली.

"आले आले!" म्हणत इरू पळाली. कार्ड टेबलावर उघडंच राहिलं.

खोलीत कुणी नाही. उजेड कमी, अजून कमी. खिडकीतून गार वारा आला. हूऽऽ... हूऽऽ...

खारूने खाली पाहिलं. अगंबाई! सावली कुठे गेली? इकडे नाही. तिकडे नाही. सावली काळी, पायरी काळी. पायरीने सावली गिळली. गुडुप!

खारूला रडूच आलं. "आता काकू दिवा आणेल. सगळ्यांची सावली पडेल. माझी नाही पडणार. सावली नाही, तर मी खारू नाही. नुसता कागद!"

खारू म्हणाली, "पायरीबाई, पायरीबाई, माझी सावली दे."

पायरी म्हणाली, "नाही देणार, जा. ती काळी, मी काळी. आता ती माझी. तू वर जा. वर कुणीतरी आहे."

आणि वरून आवाज आला. कच्...

खारू वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे उभा ऊस.

"उसदादा, उसदादा, पायरीला टोच.
पायरी सावली देत नाही,
सावली नाही तर मी खारू नाही!"

ऊस म्हणाला, "नाही टोचणार, जा. मला काय त्याचं? तू वर जा. वर कुणीतरी आहे."

वरून आवाज आला. कच्... कच्...

खारू वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे बसलं सुगड.

"सुगडबाई, सुगडबाई, उसावर कलंड.
ऊस पायरीला टोचत नाही,
पायरी सावली देत नाही,
सावली नाही तर मी खारू नाही!"

सुगड म्हणालं, "नाही कलंडणार, जा. माझी बोरं सांडतील. तू वर जा. वर कुणीतरी आहे."

"कोण आहे वर?" खारूने विचारलं.

सुगडाने बोरं घट्ट आवळली. एक बोरसुद्धा हललं नाही.

वरून आवाज आला. कच्... कच्... कच्...

खारूने एकदा खाली वळून पाहिलं. तरी ती चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे लटकला पतंग.

"पतंगराव, पतंगराव, सुगडाला धडक.
सुगड उसावर कलंडत नाही,
ऊस पायरीला टोचत नाही,
पायरी सावली देत नाही,
सावली नाही तर मी खारू नाही!"

पतंग हळूच म्हणाला, "कसा धडकू? मला दोऱ्याने बांधलंय. दोरा तोडायचा तर वर जा. वर... ती आहे."

"ती कोण?"

पतंगाने डोळे मिटून घेतले.

खारू वर चढली. तुरुतुरु नाही हं. हळू... हळू... हळू...

सगळ्यात वर होती कात्री, इरू तिथेच विसरून गेलेली. पोट रिकामं. तोंड उघडं. तिचं ती उघडत होती, तिचं ती मिटत होती. कच्... कच्... कच्...

"कात्रीमावशी, कात्रीमावशी, दोरा काप.
पतंग सुगडाला धडकत नाही,
सुगड उसावर कलंडत नाही,
ऊस पायरीला टोचत नाही,
पायरी सावली देत नाही,
सावली नाही तर मी खारू नाही!"

कात्री म्हणाली, "कापीन. पण मला भूक लागली. इरूने मला रिकामीच वाजवली. घास नाही दिला. आता ही भूक थांबत नाही. आधी मला घास दे."

"कसला घास?"

"पांढऱ्या कागदाचा."

खारूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. सगळं काळं. पांढरी एकटी खारूच!

"तुझ्या शेपटीचं टोक," कात्री म्हणाली.

"दुखेल?"

"दुखेल."

मी असते तर धूम पळाले असते. खारू नाही पळाली. तिने डोळे घट्ट मिटले. शेपटी पुढे केली.

कच्!

दुखलं. जरासंच दुखलं.

कात्रीचं पोट भरलं, कात्रीने दोरा कापला.
पतंग सुटला फर्रर्र, सुगडाला धडकला.
सुगड कलंडलं, बोरं पडली टपाटप उसावर.
ऊस वाकला, पायरीला टोचला.
"आई गं!" पायरी ओरडली. तोंड उघडलं. आणि सावली आली बाहेर, सुळ्ळकन!

खारू खाली धावली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! सावली तिच्या पायांना येऊन बिलगली. गार गार होती बिचारी. खारू म्हणाली, "आलीस? बरं झालं बाई!"

तेवढ्यात दार उघडलं. काकू दिवा घेऊन आली. मागून इरू.

"काकू, बघ ना! पतंगाचा दोरा तुटला. आणि हिची शेपटी कुणी कापली?"

काकूने कात्रीकडे पाहिलं. मग इरूकडे पाहिलं. "रिकामी कात्री वाजवत होतीस ना मघाशी? वाजवू नये म्हणतात, ते काय उगाच?" तिने कात्री मिटली आणि डब्यात ठेवली. डब्याचं झाकणही लावलं. घट्ट.

इरूने खारूच्या आखूड शेपटीवर बोट फिरवलं. "काकू, ती आता कशीतरीच दिसते का गं?"

"अगं, भिंतीवर बघ," काकू म्हणाली.

भिंतीवर खारूची सावली पडली होती. खारू इवलीशी, सावली मोठीच्या मोठी. आणि सावलीची शेपटी पूर्ण होती! टोकासकट. झुबकेदार.

खारू अगदी स्थिर उभी होती.

सावलीची शेपटी मात्र हलत होती. सुर्र... सुर्र...

कार्ड मिटलं, गोष्ट मिटली. आता आपापली सावली कुशीत घ्या, आणि झोपा बरं.