चर्चेतला सॅक्सोफोन

वसईच्या इनास तुस्कानोंचा जॅझ बँड दर रविवारी तळ्याकाठी वाजायचा. तो बंद करा अशी तक्रार झाली, आणि एका वृत्तवाहिनीने इनासना चर्चेला बोलावलं. निवेदक दिघावकर निकाल ठरवूनच बसले होते.

“जॅझमध्ये जो तो मनाला येईल ते वाजवतो. हा गोंगाट नाही तर काय?”

इनास बोलायला लागले, तोच बाकीचे पाहुणे ओरडू लागले. त्यांच्यावर दिघावकरांचा आवाज. इनासनी मुकाट्याने सोबत आणलेला आपला सॅक्सोफोन उचलला आणि एक धून अगदी हळू वाजवायला घेतली. नीट ऐकू यावं म्हणून एकेक जण गप्प झाला. शेवटी दिघावकरही.

धून संपल्यावर इनास म्हणाले, “आम्ही मनाचंच वाजवतो, साहेब. फक्त एकाची पाळी आली की बाकीचे ऐकतात. तुम्हालाही जमलं की आत्ता!”