दोन कार्डांचा कप्तान

"पण दोन असताना एकापेक्षा कमी कसं पडेल, स्वामीजी?"

स्वामींना यातलं काही कळेल अशी पुष्करला मुळीच आशा नव्हती. आई शेजारी बसली होती, म्हणून त्याने विचारलं. घरात बढती अडो, मूळव्याध उपटो की शेजाऱ्याशी कुंपणावरून वाजो, ही माउली प्रश्नाला रिक्षात घालून टेकडीवरच्या मठात आणत असे. या खेपेला प्रश्न मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरचा होता, त्यामुळे मुलालाही आणावं लागलं.

"दोन काय?" स्वामींनी विचारलं.

"ग्राफिक्स कार्डं. पडद्यावर खेळाची चित्रं काढतात ती. सगळे एक लावतात. मी दोन लावली."

"का?"

"सगळे एक लावतात म्हणून."

स्वामींनी मान डोलावली. हे कारण त्यांच्या ओळखीचं होतं.

"काम कसं वाटून घेतात?"

"एक चित्र हे काढतं, पुढचं ते. मग पुन्हा हे..."

"आणि?"

"आणि मधेच अडखळतं. नेमकी गोळी झाडायच्या वेळी."

"म्हणजे तू हरतोस."

"मी हरत नाही, स्वामीजी. चित्र अडखळतं." पुष्कर ताठ बसला. "पण आमच्या टीममधल्या पोरांना ते पटत नाही. रविवारी माझा मामेबहिणीशी सामना आहे. हरलो तर कप्तानपद तिला. शर्वरीला! अकरावीत आहे. तिच्या सेकंडहँड कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो."

स्वामींनी दाराकडे मान वळवली.

मग दाराशी बसलेल्या दोन शिष्यांना म्हणाले, "पाणी आणा."

दोघेही तत्परतेने उठले. दोघेही उंबऱ्याशी थांबले. दोघांनीही "तू हो पुढे" म्हटलं आणि दोघेही एकदमच घुसले. आत भांडी वाजली. बऱ्याच वेळाने एक शिष्य, शिवलिंग, तांब्या घेऊन आला आणि दुसरा, बसप्पा, फुलपात्रं.

तांब्या कोरडा होता.

"मला वाटलं, हा भरेल," शिवलिंग म्हणाला.

"मला वाटलं, यानं भरलाय," बसप्पा म्हणाला.

स्वामींनी बसप्पाला बसायची खूण केली. शिवलिंग एकटा गेला आणि तांब्या भरून घेऊन आला.

पुष्कर पाणी प्याला. या वेळी पाया पडण्यासाठी आईला त्याला कोपर मारावं लागलं नाही.

सोमवारी तो एकटाच आला.

"काढलंस एक?"

"काढलं."

"मग?"

"लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं, स्वामीजी. एकदाही अडखळलं नाही."

"तापलं?"

"नाही."

"वीज गेली?"

"नाही..."

"मग जिंकलास."

पुष्कर सतरंजीच्या दशा सोडवत बसला.

"...हरलो."

"कशामुळे?"

बाहेर एक कावळा ओरडला. पुष्करने आशेने तिकडे पाहिलं, पण कावळ्यावरही काही ढकलता येईना.

स्वामींच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव दाटून आली. त्यांनी पुढे वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ते दुसरं कार्ड विकलं तर नाहीस ना?"

"नाही. माळ्यावर आहे."

"मग आजच परत बसव, बाळ."